तासाबाहेर

हेस्टर डाऊसने स्वयंपाकघराचा पडदा वर ओढला आणि क्षणभर तिला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या तरी घरात उठलो आहोत. सिंकमध्ये ऊन पडलं होतं. गेल्या सात-आठ वर्षांत सकाळचं ऊन त्या सिंकपर्यंत कधी पोचलं नव्हतं. आता ते नळावर होतं, रात्रीच्या कपात होतं, भांडी घासायच्या ब्रशच्या एकेका केसावर होतं. त्या उन्हाच्या वाटेने तिची नजर मागे मागे खिडकीबाहेर गेली. तिची बाग आणि शेजारच्या मिस्टर पास्कची बाग यांच्यामधलं डोक्याएवढं उंच लाकडी कुंपण मधूनच नाहीसं झालं होतं. दोन्ही टोकांना फळ्या उभ्या होत्या. मधले तीन भाग गेले होते. त्या भगदाडातून पलीकडचा रुबार्बच्या रुंद पानांचा वाफा दिसत होता, दोरीवर वाळत टाकलेले दोन शर्ट दिसत होते, उघडं मागचं दार दिसत होतं आणि दाराशी एक हिरवी लाकडी खुर्ची. खुर्चीचं तोंड इकडे, तिच्या खिडकीकडे होतं. हेस्टर घरातल्या झग्यात होती, केस विंचरलेले नव्हते. पडद्याची दोरी तिच्या हातात तशीच राहिली. ओढून घ्यावा की नाही ते तिला ठरवता येईना.

तिला पहिली भीती वाटली ती कुंपणाची नव्हती, डोळ्यांची होती. फेब्रुवारीत खुब्याचा सांधा बदलायचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून तिचा आपल्या डोळ्यांवर पूर्वीसारखा विश्वास राहिला नव्हता. ऑपरेशन उत्तम झालं, असं सगळे म्हणाले. पण शुद्धीवर आल्यावर दोन-तीन दिवस ती बरळत होती. नसलेलं बघत होती, नसलेल्यांशी बोलत होती. घरी आल्यावर कितीतरी दिवस ती खुर्चीवर बसायच्या आधी खुर्चीला हात लावून बघायची. आताही तिने तसंच केलं. चहाला ठेवलेल्या किटलीला बोट लावलं, चटका बसला. सिंकच्या काठावरून हात फिरवला. ऊन पडलं होतं तेवढा भाग किंचित कोमट होता. मग तिने पुन्हा बाहेर पाहिलं आणि तिला दिसलं की काढलेल्या फळ्या मिस्टर पास्कच्या शेडच्या भिंतीला नीट एकावर एक टेकवून ठेवल्या आहेत आणि त्यांच्या खाली, ओल लागू नये म्हणून, विटा घातल्या आहेत. तिचा जीव खाली पडला. भासात कुणी फळ्यांखाली विटा घालत नाही.

तेवढ्यात मिस्टर पास्क स्वतःच दारातून बाहेर आला. उंच, थोडा पोक आलेला, हातात चहाचा मग. तिला खिडकीत बघून तो तिथेच थबकला. मग हातातला चहा खुर्चीवर ठेवून हळूहळू हद्दीपर्यंत आला आणि उभा राहिला. कुंपण नव्हतं तरी ते असल्यासारखाच तो त्याच्या पलीकडे उभा राहिला. हेस्टरने केसांवरून हात फिरवला, झग्याचा पट्टा घट्ट केला, काठी घेतली आणि मागचं दार उघडलं. बाहेरची हवा गार होती, पण उन्हात बरी वाटत होती. वरच्या टेकडीवरून कॅथिड्रलच्या घंटेचे ठोके येत होते.

"मिस्टर पास्क," ती म्हणाली, "माझं कुंपण कुठे आहे?"

"आहे ना. तिथे आहे." त्याने शेडकडे मान वळवली. "मला वाटलं होतं तुम्ही उठायच्या आत झाकपाक होईल, पण एक स्क्रू गंजला होता."

"पण का काढलंत?"

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. रुबार्बकडे पाहिलं. "तुम्हीच सांगितलंत."

"मी? कधी?"

"हॉस्पिटलात."

 हेस्टरने दाराची चौकट धरली. मिस्टर पास्क पुढे सगळं भराभर बोलून मोकळा झाला. बराच वेळ तोंडात धरून ठेवलेलं माणूस बोलतं तसं. तिथल्या नर्सने त्याला बजावलं होतं की या काय वाटेल ते बोलतील, मनावर घेऊ नका, त्यांना नंतर काही आठवणारही नाही. म्हणून त्याने मनावर घेतलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा भेटायला गेला तर ती तेच बोलली. तरी तो गप्प बसला. ती घरी आली, चालायला लागली, आता ती स्वतः काही म्हणेल म्हणून त्याने वाट पाहिली. ती काही म्हणाली नाही. पण काल सकाळी तो खुर्चीत बसला होता आणि समोर नुसत्या फळ्याच दिसत होत्या, आणि त्याला वाटलं की सांगितलेलं काम आपण कधीपासून टाळतो आहोत.

"सगळे स्क्रू बरणीत घालून ठेवलेत," तो म्हणाला. "ते आजारपणातलं बोलणं असेल तर तसं सांगा. दुपारच्या जेवणाआधी सगळं होतं तसं होईल. मी पुन्हा हा विषय काढणार नाही."

"आणखी काय म्हणाले मी?"

त्याचे कान लाल झाले. एवढ्या वयाच्या माणसाचे कान लाल होतात हे हेस्टरला नवीनच होतं.

"पुष्कळ बोललात," तो म्हणाला. "थोडंसं लॅटिनमध्ये होतं."

तिने त्याच्याकडे थोडा वेळ मागितला. तो लगेच हो म्हणाला आणि परत गेला, पण खुर्चीवर बसला नाही. चहाचा मग उचलून आत गेला आणि दार लोटून घेतलं, पूर्ण नाही, अर्धं. तिला मोकळेपणाने विचार करता यावा म्हणून त्याने असं केलं हे तिला कळलं, आणि त्यामुळे विचार करणं आणखीच अवघड झालं.

ती आत येऊन टेबलाशी बसली. अंडं उकडायला ठेवायची वेळ टळून गेली होती. तिला त्या दोन-तीन दिवसांतलं काय आठवत होतं? नर्स म्हणाली होती तसं सगळं पुसलं गेलं नव्हतं. तुकडे राहिले होते. वॉर्डाचं छत काळं होतं. छत नव्हतंच ते, जमीन होती. दक्षिणेकडची, समुद्र हटवून काढलेली सपाट काळी जमीन, जिथे ती वाढली. ती वर नसून समोर पसरली होती, आणि दोन्ही बाजूंच्या खाटा म्हणजे नांगरटीतले वरंबे होते. पांढऱ्या चादरी म्हणजे धुकं. ती एका वरंब्यावरून चालत होती, दोन्ही हात पसरून, लहानपणी चालायची तशी, आणि मग तिने पाय बाहेर टाकला. मऊ मातीत घोट्यापर्यंत पाय गेला. कुणी ओरडलं नाही. ती तशीच आडवी चालत सुटली, सगळ्या ओळी तुडवत. हे तिने अजून कुणालाही सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं होतं, फार भीती वाटली का? लोकांना फार भीती वाटते म्हणे. तिने हो म्हणून टाकलं होतं, कारण खरं सांगायची लाज वाटली. खरं म्हणजे इतकी खुशीत ती कित्येक वर्षांत नव्हती.

डॉक्टर म्हणजे एक दाढीवाला मुलगाच होता. तो पलंगाच्या कडेला टेकून मोठ्याने, सावकाश म्हणाला होता की तुम्हाला जे झालं त्याला डिलिरियम म्हणतात, या वयात भूल दिल्यावर होतं कधीकधी, काळजीचं कारण नाही. हेस्टर चाळीसेक वर्षं शाळेत लॅटिन शिकवत आली होती, तिला राहवेना. ती म्हणाली, ते नाम झालं. त्याचं क्रियापद ठाऊक आहे का तुम्हाला? मुलाने तिच्याकडे निरखून पाहिलं आणि नर्सला म्हणाला, अजून एक रात्र लक्ष ठेवा. घरी आल्यावर हे आठवून ती एकटीच हसली होती. पण प्रश्न तिने गमतीने विचारला नव्हता. इंग्रजीत असं क्रियापद खरंच होतं: डिलिरेट. जुन्या पुस्तकांतून कुठेतरी सापडतं. आता कुणी वापरत नाही. ते आलं लॅटिनमधून. 'दे' म्हणजे पासून, बाहेर. 'लिरा' म्हणजे नांगराने उठवलेला वरंबा, नांगरटीची सरळ ओळ, म्हणजेच तास. देलिरारे: तास सोडून भरकटणं. रोमन शेतकऱ्याच्या दृष्टीने वेडा माणूस म्हणजे ज्याचा नांगर ओळ सोडून गेला तो. दर वर्षी, साधारण ऑक्टोबरात, मुली जांभया द्यायला लागल्या की ती फळ्यावर एक सरळ रेघ ओढायची आणि मग खडू मध्येच वाकडा न्यायची. मुली हसायच्या. तिला त्या रेघेचा सरळ भाग काढायला आवडायचा. वाकडा भाग तिने नेहमी घाईने पुसला.

सरळ रेघ तिला वडिलांमुळे कळत होती. एनॉक डाऊस दुसऱ्याच्या शेतावर नांगर धरायचा. आजूबाजूच्या शेतांवर ट्रॅक्टर आले होते, पण त्याच्या मालकाकडे घोड्यांची एक जोडी शेवटपर्यंत होती. पहिला तास धरायचा तर पलीकडच्या टोकाला एक पांढरी काठी रोवायची, नजर तिच्यावरून ढळू द्यायची नाही आणि मागे वळून बघायचं नाही. पहिला तास सरळ गेला की उरलेलं शेत आपोआप सरळ जातं. सपाट मुलखात लपायला जागा नसते. रस्त्याने जाणारा सायकलवालासुद्धा एनॉक डाऊसची नांगरट बघायला एक पाय टेकून थांबायचा. लहान हेस्टर बांधावर बसून बघायची आणि वडील परत येईपर्यंत श्वास धरून ठेवायची. आणि एका वसंतात, ती सात-आठ वर्षांची असेल, त्यांनी शेताच्या मधोमध घोडे अचानक डावीकडे घेतले, एक वळसा घातला आणि पुन्हा ओळीत आणले. तिने डोळे मिटून घेतले. वळशाच्या आत टिटवीचं घरटं होतं. घरटं कसलं, मातीतला नुसता खळगा, त्यात ठिपक्यांची चार अंडी. पुढचे सगळे तास त्या वळशाला धरून वाकडे गेले. त्या संध्याकाळी गावच्या गुत्त्यात सगळ्यांनी वडिलांची टर उडवली, एनॉक, दुपारीच लावली होतीस का, म्हणून. हेस्टर रडली. अंड्यांसाठी नाही, ओळीसाठी रडली. वडील तिच्याजवळ बसले, बुटाची माती काढत, आणि म्हणाले, "पोरी, पीक काही सरळ-वाकडं बघत नाही. ते आपलं वर येतं." तिला ते पटलं नव्हतं. तिला वाटलं होतं, वडील आपलं समाधान करताहेत.

ते न पटताच ती अकरा वर्षांची झाली, शिष्यवृत्तीवर शहरातल्या शाळेत आली आणि तिथे तिला लॅटिन भेटलं. जिथे प्रत्येक शब्दाचं शेपूट ठरलेलं असतं आणि ते कधी बदलत नाही. तिला हायसं वाटलं होतं. पुढचं सगळं त्या पहिल्या तासाला धरून सरळ गेलं: कॉलेज, शाळा, टेकडी चढणारी तीच बस, रविवारी मनुकांच्या पावाचा एक तुकडा लोणी लावून, रात्री रेडिओ. त्यात दुःख नव्हतं. तिला आपलं आयुष्य आवडत होतं, अजूनही आवडत होतं. लोक एकट्या बायकांबद्दल जे समजतात त्यातलं बरंचसं खोटं असतं असं तिचं मत होतं. फक्त मधे एकदा तिची पांढरी काठी हलली होती.

तेव्हा दोन बागांच्या मध्ये गुडघ्याएवढी तार होती. पास्कची बायको मॉरीन हसरी, जाडजूड, सतत काहीतरी देणारी बाई. शेंगा, मुरंबा, कुणाचे तरी किस्से. ती गेली, आणि त्या उन्हाळ्यात मिस्टर पास्क रोज सकाळी चहाचा मग घेऊन मागच्या दाराशी नुसता उभा राहायचा. हेस्टर खिडकीतून हात करायची, तो मग उंचावायचा. एवढंच. पण पुढे पुढे तो यायच्या आधीच ती खिडकीशी असायची. तो एखाद्या दिवशी उशिरा आला तर तिला टोस्ट गोड लागायचा नाही. आणि सप्टेंबरातल्या एका सकाळी तिच्या लक्षात आलं की आपण टेबलावर दोन बशा मांडल्या आहेत. दोन बशा, दोन सुऱ्या, मध्ये मुरंबा. ती बराच वेळ त्या दुसऱ्या बशीकडे बघत राहिली, आणि मग तिने ती धुतली, स्वच्छ बशी धुतली, आणि कपाटात ठेवली. दुसऱ्याच आठवड्यात माणूस बोलावून तिने ते उंच कुंपण घालून घेतलं. मिस्टर पास्कला तिने सांगितलं की वाऱ्यामुळे तिच्या गोड वाटाण्याच्या फुलांचे वेल मोडतात. तो म्हणाला होता, हो, वारा असतो खरा. आणि कामाच्या माणसाला खांब धरायला त्यानेच मदत केली होती.

सिंकमधलं ऊन आता जमिनीवर उतरून टेबलाच्या पायापाशी आलं होतं. हेस्टरने आपला पाय त्यात ठेवला. सोपं होतं. दारात जायचं आणि म्हणायचं, मिस्टर पास्क, तो आजार होता. त्याने स्वतः ती वाट मोकळी ठेवली होती, स्क्रू बरणीत घालून. तो दुखावला गेला असता, पण दाखवलं नसतं. दुपारपर्यंत कुंपण उभं राहिलं असतं आणि सगळं पहिल्यासारखं सरळ झालं असतं. डिलिरियम झाला होता, तापासारखा, खोकल्यासारखा. आला आणि गेला. नामाचं हेच बरं असतं. ते माणसाला होतं, त्यात माणसाचा हात नसतो. क्रियापदाला मात्र कर्ता लागतो. ते कुणाला तरी करावं लागतं. शहाण्या लोकांनी नाम तेवढं ठेवलं आणि क्रियापद मरू दिलं, ते काय उगाच? पण वॉर्डातल्या त्या काळ्या मातीत पाय कुणी टाकला होता? तिला तो क्षण स्पष्ट आठवत होता. कुणी ढकललं नव्हतं. घोडे उधळले नव्हते. तिने बघितलं होतं, ठरवलं होतं आणि पाय बाहेर टाकला होता. तिला वडिलांचे हात दिसले, नांगराच्या मुठीवरचे, घोडे डावीकडे घेताना. त्या हातांत गोंधळ नव्हता. आणि इतक्या वर्षांनी एकदम तिला कळलं की वडिलांनी त्या संध्याकाळी तिची समजूत घातली नव्हती. त्यांना वाटत होतं तेच ते बोलले होते.

तिने केस विंचरले, निळा स्वेटर घातला. बागेत ओल होती. हद्दीवर कुंपणाच्या तळाची सिमेंटची पट्टी अजून होती. तिच्यावरून पाय टाकताना काठी निसटली आणि ती जरा कलली, पण सावरली. मिस्टर पास्क दारातून धावतच आला, तोवर ती त्याच्या रुबार्बपाशी उभी होती. त्याने कोपराला हात दिला आणि तिला आत नेलं. त्याच्या स्वयंपाकघरात ती मॉरीन गेल्यानंतर आली नव्हती. आत जमिनीवर पावलापावलाला वेगळा गालिचा होता: दारात तपकिरी, टेबलाखाली हिरवा ठिपक्यांचा, गॅसपाशी निळा. मिस्टर पास्कने जन्मभर लोकांच्या घरांतून गालिचे बसवले होते आणि उरलेले तुकडे त्याला टाकवत नव्हते. चहा करता करता तो गुडघ्यांबद्दल बोलला, हवेबद्दल बोलला. मग बोलायचं संपलं आणि तो समोर बसला.

"आता सांगा," हेस्टर म्हणाली. "पहिल्यापासून."

त्याने सांगितलं. वॉर्ड म्हणजे तुमच्या वडिलांचं शेत आहे असं तुम्हाला वाटत होतं. मला तुम्ही ओळीवरून बाजूला व्हायला सांगितलंत. शेजारच्या खाटेवरच्या बाईला म्हणालात की हा माणूस दिसायला बरा आहे, पण याच्या शेंगांच्या रांगा वाकड्या असतात. ती बाई म्हणाली, रांगांकडे कोण बघतंय. इथे हेस्टरने तोंडावर हात घेतला, पण हसू हाताबाहेर आलंच. तोही हसला. मग तो थांबला, चहाच्या मगाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला.

"मग तुम्ही माझी बाही धरलीत," तो म्हणाला. "घट्ट धरलीत. आणि म्हणालात, 'कुंपण काढून टाक, आल्विन. वारा-बिरा काही नव्हता.'"

 आपल्या तोंडचं त्याचं पाळण्यातलं नाव हेस्टरला परक्याने घेतल्यासारखं ऐकू आलं, आणि त्याच वेळी फार ओळखीचंही.

"मला ते ठाऊक होतं," मिस्टर पास्क म्हणाला.

"काय ठाऊक होतं?"

"वारा नव्हता ते. इथे वारा पश्चिमेकडून येतो. कुंपण पूर्वेला आहे."

बाहेर कुठेतरी फाटक वाजलं. हेस्टरला आपण लाजलो आहोत की रागावलो आहोत ते कळेना. सात-आठ वर्षं हा माणूस त्या फळ्यांच्या पलीकडे बसून होता, दिशा ठाऊक असून.

"मग बोलला का नाहीत?"

"कुंपण तुमचं होतं," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मग त्याने तिच्याकडे सरळ पाहिलं, सकाळपासून पहिल्यांदाच. "म्हणून विचारतो, मिस डाऊस. ते आजारपण बोलत होतं का?"

तिच्या छातीत धडधडत होतं. शाळेत पहिल्या दिवशी वर्गात शिरताना धडधडायचं तसं. वाईट नव्हतं ते. टेबलाखाली तिच्या बुटाचं टोक हिरव्या गालिच्यावरून निळ्यावर गेलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "आजारपणाला बोलता येत नाही. मीच बोलत होते."

त्याने मान हलवली. पुष्कळ वेळ हलवत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा तो उठला आणि उगाचच किटली पुन्हा भरली. पाठमोराच असताना त्याने विचारलं, ते लॅटिन काय होतं? एकच शब्द सारखा म्हणत होतात. नर्सला वाटलं, कुणा इटालियन माणसाचं नाव आहे. हेस्टरने सांगितलं तो शब्द कोणता असणार ते, आणि त्याचा अर्थही सांगितला: नांगर धरलेला माणूस आपली ओळ सोडून जातो, ते करणं. मिस्टर पास्कने विचार केला. तो म्हणाला, गालिचा बसवतानाही असं होतं. भिंती सरळ आहेत असं धरून चालावं तर एकही भिंत सरळ नसते, आणि मग भिंतीच्या कलानेच कापावं लागतं. याला लॅटिनमध्ये काय म्हणतात ते त्याला ठाऊक नव्हतं. तिलाही नव्हतं. मग त्याने तो शब्द म्हणून बघितला, दोनदा चुकला, आणि तिने सवयीने त्याला पूर्ण चालवून दाखवलं: मी भरकटते, तू भरकटतोस, तो भरकटतो. पुढचं रूप आलं तेव्हा तिची जीभ जरा अडली. आजवर तिने ते हजारदा फळ्यावर लिहिलं होतं, आणि प्रत्येक वेळी ते रोमन लोकांबद्दल होतं.

"आपण," ती म्हणाली, "आपण भरकटतो."

"हं," आल्विन पास्क म्हणाला. "हे लक्षात राहील."

त्यांनी तिथेच अंडी उकडून खाल्ली. तिला लागतं त्यापेक्षा अंडं जास्त कडक झालं होतं. तिने तसं सांगितलं, आणि तो म्हणाला की उद्या लवकर काढू. 'उद्या' हा शब्द टेबलावर मिठाच्या डबीशेजारी पडून राहिला आणि दोघांपैकी कुणीही तो उचलून बाजूला ठेवला नाही. नंतर ती जायला निघाली तेव्हा त्याने तिला दारातच थांबवलं आणि स्वतः शेडमध्ये गेला. आतून काहीतरी पाडल्याचा आवाज आला. बाहेर आला तेव्हा त्याच्या खांद्यावर गालिच्याची एक गुंडाळी होती; लाल, काठाला सोनेरी वेल, कुठल्यातरी हॉटेलच्या जिन्यावरून उरलेली. हद्दीपाशी जाऊन तो त्या सिमेंटच्या पट्टीजवळ गुडघे टेकून बसला. बसताना त्याच्या तोंडून एक कण्हणं निघालं. त्याने गुंडाळी सोडली, अर्धी त्याच्या बागेत, अर्धी तिच्या बागेत, तळहाताने सुरकुत्या काढल्या, कडा दाबून बसवल्या, आणि ओल्या गवतावर तो लाल पट्टा असा काही सरळ बसला की जणू तो तिथलाच होता.

"आल्विन," हेस्टर म्हणाली, "पावसात खराब होईल तो."

"होऊ दे," तो खालूनच म्हणाला. "माझ्याकडे पुष्कळ आहेत."